कांद्याचा भाव ० रुपये, आणि पानावर दिसणाऱ्या बाकीच्या गमती

पीएचपी (वेबसाइटची पानं सर्व्हरवर तयार करणारी भाषा) शिकणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, डेटाबेसमधे व्हॅल्यू आहे मग पानावर का दिसत नाही. आणि एकदाची दिसली की लॅपटॉप मिटून चहाला जातात. माझं म्हणणं असं की खरी मजा तिथून पुढे आहे, कारण पानावर काहीतरी दिसणं आणि जे दिसायला हवं तेच दिसणं यात बरंच अंतर असतं, आणि ज्याला त्या पानावरून काही ठरवायचंय त्याला ते एका मिनिटात कळतं, कोड लिहिणाऱ्याला मात्र कोणी सांगेपर्यंत पत्ता नसतो.

माझा भाचा इथेच नाशिकला इंजिनिअरिंगला आहे, मिनी प्रोजेक्टला त्याने कांद्याचे भाव दाखवणारं पान घेतलंय. घरचाच विषय, दाजींची निफाड तालुक्यात शेती, चाळीत उन्हाळी कांदा भरलेला, आणि लासलगाव नाहीतर पिंपळगाव बसवंतचे भाव बघूनच गाडी कधी भरायची ते ठरतं. म्हणजे प्रोजेक्टचे एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) झाले दाजी. कॉलेजातला एक्स्टर्नल परवडला असं भाचा म्हणतो.

टेबल साधंच आहे. तारीख, बाजार समिती, सत्र (सकाळचा लिलाव की दुपारचा), जात, आवक क्विंटलमधे, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर, आणि शेवटी शेरा. पणन मंडळाचा रोजचा तक्ता ज्यांनी बघितलाय त्यांना यातले बरेच कॉलम पाठ असतील.

बेसिक पटकन उरकतो. ब्राउझरला डेटाबेस वगैरे काही माहीत नसतं, तो फक्त पान मागतो. रिक्वेस्ट अपाचीकडे (पानं पुरवणारा सर्व्हर प्रोग्राम) जाते, फाइल पीएचपीची आहे म्हटल्यावर ती चालवायला पीएचपीकडे येते, पीएचपी मायएसक्यूएलला (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) कनेक्ट होतं, क्वेरी म्हणजे माहितीची मागणी पाठवतं, आलेल्या ओळी लूपमधे एकेक करून फिरवतं, प्रत्येक ओळीला टेबलाचे टॅग लावतं आणि तयार एचटीएमएल परत पाठवतं. म्हणून पानावर व्ह्यू सोर्स केलं तर पीएचपीचं एक अक्षरही दिसायला नको. दिसलं तर कोड चाललेलाच नाही, आणि त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं की पठ्ठ्याने फाइल फोल्डरमधून डबल क्लिक करून उघडलीय. झॅम्पच्या (लॅपटॉपवर अपाची आणि पीएचपी एकत्र बसवणारं पॅकेज) एचटीडॉक्समधे टाकायची आणि लोकलहोस्टवरूनच उघडायची, बस. पान पांढरं फटक येत असेल तर एरर दाखवणं बंद असतं, लॉग उघडून बघायचा, तिथे सगळं लिहिलेलं असतं पण कोणी वाचत नाही.

अजून एक, नेटवर जुने धडे खूप पडलेत ज्यात मायएसक्यूएल अंडरस्कोर कनेक्ट असं फंक्शन असतं. ती सगळी फंक्शनं २०१३ मधे पीएचपी ५.५ ला डेप्रिकेट झाली (म्हणजे आता वापरू नका असं जाहीर झालं) आणि डिसेंबर २०१५ मधे पीएचपी ७ आलं त्यातून काढूनच टाकली. तो कोड आज कॉपी केला तर असं फंक्शनच नाही म्हणून एरर येणार, त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. त्याऐवजी पीडीओ वापरा, पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची ती सोय २००५ पासून आहे.

आता मुद्द्यावर येतो.

भाच्याचं पान चालू झालं, त्याने लिंक घरच्या ग्रुपवर टाकली, आणि दाजींचा फोन. "काय रे, लासलगावला रविवारी कांद्याचा भाव शून्य? फुकट वाटला का काय?" रविवारी लिलाव बंद होते एवढीच गोष्ट. पण भरायच्या फॉर्ममधे भावाचा रकाना रिकामा सोडला होता, रिकामी स्ट्रिंग (मजकूर) आली, कोडमधे तिला इंटमधे कास्ट केलेलं (पूर्णांकात बदललेलं), आणि पीएचपी रिकाम्या स्ट्रिंगचं सरळ शून्य करतं. टेबलात शून्य गेलं, पानावर शून्य आलं, सगळं जिथल्या तिथे आणि तरी चूक.

बरं मग कॉलम नल (म्हणजे इथे काही व्हॅल्यूच नाही) चालेल असा केला, रविवारच्या ओळीत नल टाकला. पानावर परत शून्यच! कारण दाखवताना आकड्याला कॉमा लागावेत म्हणून नंबर फॉरमॅटचं फंक्शन वापरलं होतं आणि त्याला नल दिला की ते शून्यच छापतं. पीएचपी ८.१ पासून निदान डेप्रिकेटेड म्हणून कुरकुर तरी करतं, त्याआधी तेही नाही. नुसता नल एको केला (तसाच छापला) असता तर रिकामी जागा आली असती.

मग त्याने तिसरा उपाय काढला, व्हॅल्यू असेल तर दाखव नाहीतर "बंद" लिही, नुसतं इफ लावून. आणि इथे आवक रुसली. कारण आवक खरोखर शून्य असू शकते. बाजार चालू आहे, पण पाऊस झोडपतोय, किंवा लाल कांद्याचा हंगाम संपलाय, त्या जातीची एकही गाडी आली नाही. आवक ० हा खरा आकडा आहे, भाव ० हा खरा आकडा असूच शकत नाही, आणि पीएचपीच्या इफला शून्य आणि नल दोन्ही सारखेच खोटे वाटतात. तिथे तीन बरोबरच्या चिन्हांनी नल आहे का हेच विचारायला लागतं.

आणि खरं म्हणजे रिकाम्या रकान्याचे अर्थ तीन आहेत. लिलाव बंद होते, सुट्टी, पूर्वी अमावास्या (अमावास्येला लिलाव बंद ठेवायची जुनी पद्धत आपल्याकडे होती), किंवा व्यापाऱ्यांनी बेमुदत बंद पुकारलाय. दुसरा, बाजार चालू होता पण माल आला नाही. तिसरा, सगळं झालंय, फक्त आकडा अजून कोणी भरला नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने या तिन्हीचा अर्थ पूर्ण वेगळा. बंद असेल तर गाडी भरायचीच नाही, आकडा यायचा असेल तर तासाभराने परत बघायचं. एकट्या नलमधे हे मावत नाही, म्हणून स्थिती नावाचा वेगळा कॉलम घातला आणि पानावर "लिलाव बंद", "आवक नाही", "आकडा यायचा आहे" असं चक्क मराठीत लिहिलं. मला विचाराल तर अख्ख्या प्रोजेक्टमधला सगळ्यात हुशार कॉलम तोच.

शून्याचा दुसरा प्रताप सरासरीत बाहेर आला. पानावर आठवड्याची सरासरी होती, एसक्यूएलचं (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) एव्हीजी हे सरासरीचं फंक्शन वापरून. समजा सहा दिवस भाव १८०० राहिला आणि सातव्या दिवशी बाजार बंद. बंदच्या दिवशी नल असेल तर एव्हीजी तो दिवस मोजतच नाही, सरासरी १८००. बंदच्या दिवशी ० असेल तर दहा हजार आठशे भागिले सात, म्हणजे १५४३. क्विंटलमागे अडीचशेपेक्षा जास्त रुपयांचा फरक, आणि हा आकडा शून्यासारखा डोळ्यात खुपत पण नाही, अगदी खरा वाटतो. शून्य बघून दाजींनी फोन केला, १५४३ बघून कोणी केला नसता. भाव पडलेत वाटतं म्हणून गाडी थांबवली असती, एवढंच.

सरासरीवरून अजून एक. भाच्याच्या मित्राने सुचवलं की सर्वसाधारण दर भरायची काय गरज, कमीत कमी आणि जास्तीत जास्तची बेरीज करून दोनाने भागू, कॉलम वाचेल. कॉलम वाचेल हो, पण पान खोटं बोलेल. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावाला त्या दिवशी जास्तीत जास्त माल गेला तो. समजा गोल्टी (बारीक कांदा) आणि डागी माल ५०० ला गेला, एखादी निवडक गाडी २४०० ला, आणि बाकी सगळा बाजार १९०० च्या आसपास. मधला आकडा काढला तर १४५०, ज्या भावाला कदाचित एकही गाडी विकली गेली नसेल. तो दर बाजारातून येतो, कोडमधून काढता येत नाही. आणि दोन बाजारांची मिळून सरासरी दाखवायची हौस असेल तर आवकेचं वजन द्या (ज्याची आवक जास्त त्याच्या भावाला जास्त महत्त्व), नाहीतर हजारो क्विंटल आवक असलेला बाजार आणि चार पिकअप आलेला उपबाजार एकाच मापाने मोजले जातात.

मग "आजचे भाव". हा शब्द हेडिंगमधे टाकायचा मोह सगळ्यांना होतो. आज म्हणजे कोणाचा आज? होस्टिंग स्वस्तातलं, सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्याच्यासाठी नवा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडतो. दाजी साडेचारला उठून पान उघडतात, वर लिहिलेलं असतं आजचे भाव, खाली कालचे. पीएचपीला टाइमझोन एशिया कोलकाता सांगितला तरी मायएसक्यूएलचा आज वेगळाच असू शकतो, त्याच्या सेशनला वेगळं सांगावं लागतं, आणि दोघांचं जमलं नाही की पहाटे वेगळं आणि दुपारी वेगळं असं पान दिसतं जे कॉलेजात डेमोला कधीच दिसत नाही कारण डेमो सकाळी अकराला असतो.

टाइमझोन लावलाच पाहिजे, पण हेडिंगमधून आज हा शब्दच काढून टाकलेला बरा. टेबलातली सगळ्यात अलीकडची तारीख काढायची आणि ती तारीख, वार, सत्र सगळं भावाशेजारी छापायचं. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको खरं तर. पावसाळ्यात गंगापूर धरणातून एवढे एवढे क्युसेक सोडलं असा मेसेज फिरतो, त्यावर वेळ नसते, सकाळचा मेसेज संध्याकाळी परत येतो आणि पंचवटीत लोक उगाच गाड्या हलवायला धावतात. शेवटी पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय हे डोळ्याने बघून येणारा माणूसच कामाला येतो, कारण तो आत्ताचं सांगतो.

तारीख टेबलात डेट टाइपमधेच ठेवा. भाच्याने आधी दिवस-महिना-वर्ष असं मजकुरात ठेवलं होतं आणि सॉर्ट केल्यावर २ सप्टेंबर १४ ऑगस्टच्या आधी येत होता, मजकूर म्हणून बघितलं तर ०२ हे १४ च्या आधीच. आकड्यांचंही तसंच. देवनागरी आकडे दाखवायला छान, टेबलात मात्र नकोत, मजकुराच्या कॉलममधे १८०० असं देवनागरीत भरलं आणि बेरीज मागितली की मायएसक्यूएल त्याला शून्य धरतं. दाखवताना पीएचपीचं इंटल एक्स्टेंशन (वेगवेगळ्या भाषांसाठीची जोडणी) चालू करून नंबरफॉर्मॅटरला मराठी-भारत लोकेल (भाषा आणि देशाची लिहायची पद्धत) द्यायचा, मग १,२५,००० असं लाखाचे कॉमे जिथल्या तिथे आणि देवनागरीत येतं. साधं नंबर फॉरमॅट १२५,००० असं इंग्रजी पद्धतीने तोडतं, ते बघून आमच्या दाजींना क्षणभर बाराशे का सव्वा लाख हे कळत नव्हतं.

मराठी अक्षरांचा गोंधळ हा तर वेगळ्या पोस्टचा विषय आहे पण थोडं सांगतोच. गोंधळ दोन तऱ्हेचा असतो आणि दोन्हीचं कारण वेगळं, ते ओळखता आलं की निम्मं काम झालं. पानावर लासलगावच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली आणि टेबलातही प्रश्नचिन्हंच असतील तर टेबलातला कॉलम लॅटिन-१ चा (पश्चिम युरोपीय अक्षरांपुरतं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमधे साठवायची पद्धत) असताना माहिती भरली गेलीय, अक्षरं गेली, ती परत येत नाहीत, पुन्हा भरा. आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, शेजारी चार पाय फुटलेलं गोल चिन्ह, अशी जोडी सारखी सारखी दिसत असेल तर जीव भांड्यात पडू द्या, माहिती बहुतेक शाबूत आहे, फक्त यूटीएफ-८ चे (सगळ्या लिप्या मावणारं एन्कोडिंग) बाइट कोणीतरी लॅटिन समजून वाचतंय. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मधे तीन बाइटचं आणि पहिला बाइट कायम तोच, म्हणून तो ए सारखा सारखा दिसतो. तिथे टेबल, कनेक्शन आणि पान, तिघांनाही एकच एन्कोडिंग सांगायचं.

आणि मायएसक्यूएलमधे ते एन्कोडिंग यूटीएफ-८ एमबी-४ हेच निवडा. नुसतं यूटीएफ-८ म्हणतात ते तिथे तीन बाइटपर्यंतच जातं, मराठी त्यात बसतं म्हणून कोणाला शंका येत नाही, आणि मग कोणीतरी शेऱ्यात "राम राम 🙏" लिहितं. तो नमस्कार चार बाइटचा. सर्व्हर कडक मोडमधे असेल तर ओळ भरलीच जात नाही, नसेल तर नमस्कारापासून पुढचा सगळा शेरा गायब. आपल्याकडे नमस्कार नसलेला मेसेज असतो का! एमबी-४ हे २०१० पासून आहे आणि मायएसक्यूएल ८ मधे तेच डीफॉल्ट झालं, पण जुन्या होस्टिंगवर आणि जुन्या टेबलांवर अजून नुसतं यूटीएफ-८ सापडतं.

मोबाइलवर नाव मावत नाही म्हणून भाच्याने बाजाराचं नाव दहावर कापलं. सबस्ट्रिंगचं (मजकूर कापायचं) साधं फंक्शन बाइट मोजतं, तीन त्रिक नऊ आणि वर एक बाइट, त्यामुळे पिंपळगावचं "पिं" राहिलं आणि पुढे शंकरपाळ्यात बसलेलं प्रश्नचिन्ह. पीएचपी ६ मधे हे सगळं आतूनच युनिकोड होणार होतं, ती आवृत्ती कधी आलीच नाही, पाचावरून थेट सातावर उडी मारली, म्हणून अजून आपणच लक्ष ठेवायचं. नावात एमबी असलेलं, बाइट नाही तर अक्षरं मोजणारं फंक्शन घ्या, आणि काना-मात्रा सुटी पडू नये असं वाटत असेल तर इंटलमधलं ग्राफीमवालं. त्याहून सोपं म्हणजे सर्व्हरवर कापूच नका, सीएसएसला (पानाची सजावट ठरवणारा भाग) सांगा.

हे कापलेलं नाव पुढे अजून एक खोडी करतं. पानावर छापायच्या आधी प्रत्येक मजकूर एचटीएमएल स्पेशल कॅर्समधून काढायचा असतो, म्हणजे शेऱ्यात कोणी स्क्रिप्टचा टॅग लिहिला तर तो अक्षरं म्हणून दिसतो, चालत नाही. पण त्याला अर्धवट कापलेला बाइट मिळाला तर पीएचपी ८.१ च्या आधी ते अख्खी स्ट्रिंगच रिकामी परत द्यायचं. टेबलात नाव आहे, क्वेरीत आहे, पानावर नाही, एरर नाही. असल्या वेळी माणूस देव आठवतो.

हे एस्केप करणं (खास चिन्हांची नुसती अक्षरं करणं) भरताना नाही, दाखवताना करायचं. भरताना केलं की "पाटील & सन्स" मधला अँड टेबलातच बदललेला बसतो आणि दाखवताना परत एस्केप झाला की पानावर त्या अँडच्या पुढे एएमपी आणि अर्धविराम येतो, शहाण्यासुरत्या सरकारी साइटांवर पण बघितलंय. आणि क्वेरीत यूआरएलमधून आलेलं गाव थेट चिकटवू नका, प्रिपेअर्ड स्टेटमेंट (ज्यात क्वेरी आणि बाहेरून आलेली व्हॅल्यू वेगवेगळी जाते) वापरा, एक सिंगल कोट टाकून टेबल उघडं पाडणारी पोरं तुमच्याच वर्गात आहेत.

वेग वगैरे सध्या सोडा. फक्त लूपच्या आत प्रत्येक ओळीला बाजार समितीचं नाव आणायला वेगळी क्वेरी मारू नका, जॉइन करा (दोन्ही टेबलं एकाच क्वेरीत जोडा). शंभर ओळींना शंभर जास्तीच्या क्वेरी जातात, आणि घरच्या लॅपटॉपवर ते जाणवत नाही, दाजी बांधावर एक काडी रेंजमधे उभे असताना जाणवतं.

तर आता पान असं आहे: सगळ्यात वर एकच ओळ, बाजार, वार, सत्र, सर्वसाधारण दर, मोठ्या अक्षरात, उन्हात मोबाइलवर वाचता येईल एवढ्या. बाकीचा तक्ता खाली ज्याला हवा त्याने बघावा. हे डिझाइन दाजींचं. त्यांना आता लिलाव चालू असतानाच भाव आपोआप बदललेले बघायचेत, पान रिफ्रेश न करता, तिथे जावास्क्रिप्ट येतं आणि सर्व्हरवरून एचटीएमएलच्या ऐवजी जेसनमधे (टॅग नसलेल्या नुसत्या माहितीचा साचा) आकडे पाठवावे लागतात. भाच्याने काल रात्री ते सुरू केलं आणि पहिल्याच वेळी "भाव: नल" असं छापून आलंय, चला म्हटलं, निदान शून्य तरी नाही.